दारात मांडव घालताय? आधी थंडीचा आणि कागदांचा हिशेब मांडा

मंगल कार्यालय न घेता गावातल्या घरासमोर लेकराचं लग्न लावायचं, असं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. त्यातही नोकरीपायी पुण्याला किंवा संभाजीनगरला राहणारे, गावाकडे दिवाळीला चार दिवस येणारे आणि हा घाट पहिल्यांदाच घालणारे माझ्या डोळ्यांसमोर जास्त आहेत. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी तीन लग्नं अंगणात उभी केली. एक नणंदेचं, एक पुतणीचं आणि एक माझ्या लेकीचं. तिन्ही हिवाळ्यातली. पैशाची ओढाताण झाली, पण पैशाने काम अडलं नाही. माणसं तर हाकेसरशी आली. अडलं ते दोनच ठिकाणी. एक, कागद वेळेवर हातात आले नाहीत. दोन, गारठा किती पडेल याचा आम्ही विचारच केला नव्हता. म्हणून या दोन गोष्टींना धरूनच सगळं सांगते.

तारीख धरताना

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात. कार्तिकाचा शेवट आणि मार्गशीर्ष हा हिवाळ्यातला पहिला टप्पा. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मास असतो, आणि पौषात आपल्याकडची बहुतेक घरं लग्न धरत नाहीत. पुढे माघात दुसरा टप्पा. गुरू-शुक्राचा अस्त मध्ये आला तर तारखा आणखी कमी होतात, म्हणून पंचांग दिवाळीतच उघडून बसा.

पंचांगाइतकंच शिवाराकडे बघा. पहिल्या टप्प्यात कापसाची वेचणी चालू असते, रानात माणूस हवं असतं. डिसेंबर-जानेवारीत तूर काढणीला येते, तेव्हा ट्रॅक्टर, मळणीयंत्र आणि मजूर यांतलं काहीच मोकळं नसतं. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला वेळ अमावस्या, म्हणजे येळवस. त्या दिवशी अख्खं गाव रानात जेवायला असतं, गावात कोणी सापडत नाही. मला विचाराल तर माघाचा पहिला पंधरवडा सगळ्यात सोयीचा. तूर घरात आलेली, हातात चार पैसे, माणसं थोडी मोकळी, आणि विहिरींना अजून पाणी. फेब्रुवारीच्या शेवटाकडे जाऊ नका. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आमच्या भागातला कोणीही विसरलेला नाही.

एक गोष्ट शहरातल्यांच्या लक्षात येत नाही. बीड जिल्ह्यातली आणि आजूबाजूचीही कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. नवरीचा मामाच तोडीवर असेल तर अंतरपाटाच्या वेळी तिच्या पाठीशी उभं कोण राहणार? तारीख पक्की करण्याआधी त्याला फोन करा. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, सुटी सहज मिळत नाही. महिनाभर आधी सांगितलं तर तो मुकादमाशी बोलून दोन दिवसांची सोय करू शकतो.

मुहूर्ताची वेळ सकाळी अकरा ते साडेबाराच्या दरम्यानची मागून घ्या. गोरज मुहूर्त फोटोत छान दिसतो, पण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सहाच्या आसपास दिवस मावळतो आणि त्यानंतर तासाभरात गारवा हाडाला लागतो. गोरजावर लग्न म्हणजे रात्रीच्या पंगती, रात्रीचं पाणी, रात्रीचा प्रवास. परभणीत या दिवसांत पारा दहाच्या खाली जाणं नेहमीचंच आहे. काही वर्षी तो पाचापर्यंतही उतरलाय.

कागदांचे दोन ढीग

आमच्या घरात पुतणीच्या लग्नाआधी जी धावपळ झाली, तिचं मूळ एकाच गोष्टीत होतं. कोणता कागद लग्नाआधी लागतो आणि कोणता लग्नानंतर, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. सगळंच आधी हवं असं समजून आम्ही पळत होतो, आणि जे खरोखर आधी हवं होतं तेच मागे राहिलं. म्हणून आधी दोन ढीग करा.

लग्नाआधीच्या ढिगात सगळ्यात वर वयाचा पुरावा. मुलगी 18 पूर्ण, मुलगा 21 पूर्ण. यात एक दिवसही इकडे-तिकडे चालत नाही. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली गावात यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी ग्रामसेवकांवर आहे, आणि कोणीही 1098 वर फोन करून तक्रार देऊ शकतं. परभणी आणि बीड या जिल्ह्यांत कोवळ्या पोरींची लग्नं अजून थांबलेली नाहीत. माझ्या वर्गातल्या दोघी नववीतून उठून सासरी गेल्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून वयाचा कागद मागणाऱ्यावर चिडू नका. तो कागद पक्का नसेल तर लग्न थांबलंच पाहिजे. बाकी कुठल्याही कागदासाठी सहसा लग्न थांबत नाही.

पुरावा म्हणून जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे टीसी, किंवा दहावीचं प्रमाणपत्र. आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. मागच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट 1 जून तारीख लिहायचे, आधार काढताना कोणीतरी 1 जानेवारी टाकली, आणि आई सांगते की पोरगी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. माझ्या पुतणीच्या टीसीवर एक तारीख होती, आधारवर दुसरी, आणि वडलांच्या नावातली एक वेलांटी दोन्हीकडे वेगळी. टीसी तर फाटून अर्धीच उरलेली. दुसरी प्रत काढायला शाळेत गेलो तर मुख्याध्यापक प्रशिक्षणाला गेलेले. दुसऱ्या खेपेला लिपिक निवडणुकीच्या कामावर. तिसऱ्या खेपेला सगळे हजर, पण सर्व्हर बंद. लग्नाला नऊ दिवस उरले होते.

शेवटी एका जुन्या शिक्षकांनी वाट दाखवली. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा मागा. या उताऱ्यावर प्रवेशाच्या वेळी नोंदलेली जन्मतारीख असते, मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का असतो. आमचं काम त्यावर झालं. म्हणून साखरपुडा झाला की दुसऱ्याच दिवशी नवरा-नवरी दोघांचे कागद एका ताटात घेऊन बसा आणि नाव, वडलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख अक्षर-अक्षर जुळवून बघा. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, त्यामुळे घाईत चुकीच्या कागदावरून ती बदलू नका. आधी शाळेचा किंवा जन्माचा कागद पक्का करा, मग त्यावरून आधार. जन्माची नोंदच कधी झालेली नसेल तर वर्षाहून जुन्या नोंदीसाठी महसूल खात्याचा आदेश लागतो. त्यात महिने जातात. लग्नासाठी त्या वाटेला न जाता शाळेच्या कागदावर भिस्त ठेवा.

याच ढिगात पोलीस ठाण्याची ध्वनिक्षेपकाची परवानगी. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, हा नियम 2000 सालापासून आहे. परण्याची, म्हणजे नवरदेवाची, मिरवणूक मारुतीच्या देवळापर्यंत वाजतगाजत जाणार असेल तर अर्जात रस्ता आणि वेळ दोन्ही लिहा. शाळेचं मैदान वापरायचं असेल तर शाळा आणि ग्रामपंचायत, दोन्हीकडे अर्ज द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या. तोंडी होकार सगळे देतात, पण आयत्या वेळी माणूस बदललेला असतो. अर्जाची पोच घेण्याची सवय मला या लग्नांनी लावली.

मुलगा-मुलगी वेगवेगळ्या धर्मांचे असतील आणि कोणीच धर्म बदलणार नसेल, तर 1954 च्या विशेष विवाह कायद्याचा रस्ता. त्यात विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते आणि 30 दिवस थांबावं लागतं. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान 30 दिवस राहिलेला हवा. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा नोटीस. इथे मात्र कागद आधी आणि मांडव नंतर, हे पक्कं ध्यानात ठेवा. पत्रिका छापण्याआधी नोटीस दिलेली असू द्या.

लग्नानंतरच्या ढिगात आहे विवाह नोंदणी. तिच्याकडे शेवटी येते. पण एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण हल्ली परदेशी नोकरीवाल्या मुलांना कोणीतरी सल्ला देतं की, ‘दाखला आधी काढून ठेव, लग्न नंतर लाव.’ असं करू नका. ज्या समाजात सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं, असं 1955 चा हिंदू विवाह कायदा सांगतो. विधी झालेलेच नसतील तर नुसत्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलंय.

पत्रिकेवरही लक्ष असू द्या. नोंदणीच्या वेळी ती पुरावा म्हणून जोडतात. घरी पोरीला सगळे ‘छकुली’ म्हणत असतील, पण पत्रिकेत नाव टीसीप्रमाणेच हवं. लग्नाचं ठिकाण नुसतं ‘आमच्या राहत्या घरी’ असं न छापता गाव, तालुका, जिल्हा सगळं छापा.

मांडव

मुहूर्तमेढ रोवली, गावातली पोरं बैलगाडीने आंब्या-जांभळाचे डहाळे घेऊन आली, की घर लग्नघर होतं. मांडव डहाळ्यांचा हा दिवस चुकवू नका. कापडी मांडववाला कितीही सुंदर मांडव उभा करो, दारात हिरवी डहाळी नसेल तर म्हाताऱ्या माणसांना ते लग्नघर वाटत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

मांडववाल्याला मात्र थंडीच्या हिशेबाने सांगावं लागतं. हिवाळ्यात आपल्याकडे वारं उत्तरेकडून आणि पूर्वेकडून येतं, आणि सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून कनाती उत्तरेला आणि पूर्वेला लावा, दक्षिणेची बाजू मोकळी ठेवा. सकाळी साडेआठपासून ऊन आत येतं आणि बसलेली माणसं सुखावतात. आमच्या पहिल्या लग्नात मांडववाल्याने चारही बाजूंनी झालर-पडदे लावून छान बंद मांडव केला होता. आत बसलेल्या आत्याबाई अकरा वाजेपर्यंत शालीत गुरफटून होत्या आणि तरणी पोरं बाहेर उन्हात उभी होती.

जेवणाच्या जागेवर तर छतच नको, असं माझं ठाम मत आहे. दुपारी बारा ते तीन हिवाळ्यातल्या उन्हात पंगत बसली की जेवणाला वेगळीच चव येते. छताचे पैसे वाचतात त्यात दोन मोठ्या ताडपत्र्या आणि दोर आणून ठेवा. आभाळ आलंच तर बांबू आधी रोवलेले असतात, अर्ध्या तासात ताडपत्री चढते.

पहाटे दहिवर पडतं. कापड, गाद्या, खुर्च्या सगळं ओलं होतं आणि विजेच्या वायरीही. रात्री दिवे बंद झाले की मेन स्विच पाडा, जोड जमिनीवर ठेवू नका, आणि सकाळी सुकल्याशिवाय चालू करू नका. आकडा टाकून वीज घेऊ नका. महावितरणकडे अर्ज करून तात्पुरती जोडणी मिळते. मांडव शेतात असेल तर तिथली थ्री-फेज ठरलेल्या वेळापत्रकानेच येते, म्हणून जनरेटर ठरवा आणि डिझेल आदल्या दिवशी भरून ठेवा.

शेकोटी हवीच, पण मांडवापासून निदान तीस पावलं लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. जवळ पाण्याचं पिंप आणि वाळूची दोन घमेली. यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे पाहुणे झोपतात त्या बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. हे प्रत्येक घरी स्वतः जाऊन सांगा, कारण पाहुण्यांची सोय भावकीतल्या घरांत केलेली असते आणि चांगल्या मनानेच कोणीतरी शेगडी आत नेऊन ठेवतं.

गोधड्या आणि अंघोळीचं पाणी

वऱ्हाड आदल्या रात्री येत असेल तर घरटी पाच पाहुणे, याहून जास्त कोणावर टाकू नका. गोधड्या गावातूनच गोळा होतात. प्रत्येक घराच्या गोधडीला वेगळ्या रंगाचा दोरा टाचून घ्या, म्हणजे परत करताना वाद होत नाही. मांडववाल्याच्या भाड्याच्या गाद्यांवर वयस्कर माणसांना झोपवू नका, त्या आतून ओलसर असतात.

गरम पाण्याचा हिशेब कोणी करत नाही आणि लग्नाच्या सकाळी सगळ्यात जास्त आरडाओरडा त्याचाच होतो. साठ पाहुणे धरा. माणशी आठ-दहा लिटर कढत पाणी, त्यात गार मिसळून अंघोळ होते. म्हणजे पाच-सहाशे लिटर पाणी तापलं पाहिजे. दोनशे लिटरचे तीन लोखंडी पिंप तीन-तीन दगडांवर ठेवा, पहाटे चारला जाळ लावा, आणि ते काम एकाच माणसाला द्या. पेटवायला तुराट्या किंवा पऱ्हाट्या, पण त्या भुर्रकन जळून जातात. टिकायला बाभळीचीच लाकडं हवीत. लाकडं आठ दिवस आधी आणून छपराखाली ठेवा, दहिवराने भिजलेलं लाकूड नुसता धूर करतं.

हळद

हळद रात्री, डीजे लावून, असा प्रकार आता गावातही आलाय. हिवाळ्यात तो करू नका. हळद ओली असते, अंगावर पातळ कपडे, वर वारं. माझ्या नणंदेच्या वेळी रात्री साडेआठला हळद लावली आणि लग्नाच्या दिवशी नवरी तापाने फणफणली होती. पुतणीच्या वेळी सासूबाईंनी सरळ सांगितलं, ‘लेकराला हळद लावायची का हिव भरवायचं?’ त्या दिवशी दुपारी बारा ते दोनमध्ये हळद लागली, उन्हात. हळद कोमट तेलात कालवा आणि लगेच न्हाऊ घालायला कढत पाणी तयार ठेवा. हळद लांबून आणायची गरज नाही. आपल्या शेजारीच हिंगोली जिल्ह्यात वसमतला उत्तम हळद पिकते. पॅकेटातली ‘हळदी स्पेशल’ पावडर मात्र नको, अंगाची आग होते.

संध्याकाळी शेकोटीभोवती कलवऱ्या, आत्या, मावश्या जात्यावरच्या ओव्या म्हणतात. ज्वारी हुरड्याला आलेली असेल तर तिथेच आगटी पेटवून हुरडा भाजा, सोबत तीळ-शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. रात्रीचं जेवण साधं ठेवा. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, कढत आमटी. हिवाळ्याच्या लग्नाचं हे सुख उन्हाळ्याच्या लग्नाला नाही.

पंगत

घरच्या लग्नाचा स्वयंपाक घरचाच असावा. आचारी एकच ठरवा, बुंदी, भाजी आणि भातासाठी. पोळ्या गावाकडून घ्या. आमच्याकडे भावकीत पीठ वाटायची रीत आहे. शंभर पानांना मी बारा किलो गव्हाचं पीठ धरते. पाचशे पानं असतील तर साठ किलो, म्हणजे वीस घरांना तीन-तीन किलो. एका घरातून साधारण शंभर पोळ्या येतात. पीठ आदल्या दिवशी, थोडं तेल आणि मीठ सोबत देऊन पोचवा आणि पोळ्या अकरा वाजता परत आणायला दोन पोरं दुचाकीवर ठेवा. टोपल्यात खाली धोतराचं जाड कापड आणि वर घोंगडी घाला. थंडीत उघडी पोळी पंधरा मिनिटांत चामड्यासारखी होते.

बाकीचं शंभर पानांचं माप असं: तांदूळ आठ किलो, तूर डाळ चार किलो, वांगी-बटाटे मिळून पंधरा किलो, तेल सहा किलो, बुंदीला तीन किलो बेसन आणि पाच किलोपर्यंत साखर. गारठ्यात पोळी आणि आमटी जास्त उठते, भात आणि मठ्ठा कमी. डाळ लातूरच्या मिलची किंवा घरची, पण आधी एक वाटी शिजवून बघा.

आमटी येसराचीच करा. भाजलेलं धान्य, हरभरा डाळ आणि मसाले एकत्र दळलेलं येसर आमटीला दाटपणा देतं, आणि दाट आमटी लवकर गार होत नाही. येसर लग्नाच्या आठ दिवस आधी पाच सवाष्णींनी करून ठेवावं, त्या दिवशीच घरात लग्नाचा वास सुटतो. वनस्पती तूप वापरू नका, थंडीत टाळ्याला चिकटतं. बुंदीचा पाक या दिवसांत लवकर साखरतो, त्यात लिंबाचे चार थेंब पिळा आणि कढई निखाऱ्यावर ठेवा. बुंदी दोन दिवस आधी केली तरी हिवाळ्यात छान राहते, तेवढं लग्नाच्या दिवसाचं काम हलकं होतं. दही मात्र एका रात्रीत लागत नाही. विरजण जरा जास्त घाला, पातेली गोधडीत गुंडाळून कडब्यात ठेवा आणि दोन रात्री द्या.

गॅसवर करणार असाल तर 19 किलोच्या व्यावसायिक टाक्या घ्या. घरगुती टाकी लग्नाला वापरणं नियमात बसत नाही. गार पहाटे मोठ्या शेगडीवर गॅसचा दाब कमी पडतो, म्हणून एकाऐवजी दोन टाक्या जोडून घ्या. टाकीला जाळ दाखवून गरम करण्याचा प्रयत्न कोणी करत असेल तर त्याचा हात धरा. पाण्यासाठी माणशी दहा लिटर धरा. पाचशे माणसांना पाच हजार लिटरचा एक टँकर पुरतो. तो लग्नाच्या सकाळी न मागवता आदल्या दुपारीच उभा करून घ्या.

पहिली पंगत वऱ्हाडाची, हा मान ठेवा. पण त्याच वेळी लहान लेकरं, म्हातारी माणसं आणि बाळंतिणी यांना आत घरात वाढा.

लग्नाचा दिवस

वऱ्हाडाला रात्री प्रवास करू देऊ नका. गाळप हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. कित्येकींना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, आणि पहाटे धुकं. सकाळी सातनंतर निघा आणि संध्याकाळी दिवस मावळायच्या आत परत पाठवा, असं नवरदेवाकडच्यांना सुपारी फोडतानाच नम्रपणे सांगा. नवरीची पाठवणी दुपारी चारपर्यंत व्हावी. झाल, सूनमुख, आहेर या सगळ्याला दोन तास लागतात, ते धरूनच मुहूर्त घ्या. टोप्या-टॉवेलांचा मानपान जितका कमी तितकी पाठवणी वेळेवर, हे मी तीन वेळा बघितलंय. औषधांची पेटी एका जाणत्या माणसाकडे द्या आणि 108 चा नंबर मांडवात मोठ्या अक्षरांत लावा.

अक्षदा पडल्या, सात पावलं झाली, की त्याच जागी दहा मिनिटं काढा. नोंदणीच्या अर्जावर लग्न लावणाऱ्याची सही लागते. गुरुजी असोत, बौद्धाचार्य असोत की काझी असोत, दक्षिणा देण्याआधी सही, नाव, पत्ता आणि ओळखपत्राची झेरॉक्स घ्या. पुढे ते दुसऱ्या लग्नाला गेले की महिनाभर सापडत नाहीत. फोटोग्राफरला सांगून नवरा-नवरीचा एक साधा समोरून फोटो काढून घ्या, हारांनी चेहरा न झाकलेला.

नोंदणी

पाहुणे गेले, भांडी मोजून परत केली, गोधड्या ज्याच्या त्याच्या घरी पोचल्या, की नोंदणीला लागा. 1998 च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे लग्नापासून 90 दिवसांत नोंदणी करायची असते, धर्म कोणताही असो. उशीर झाला तरी नोंदणी होते, पण जास्तीचं शुल्क आणि जास्तीचे हेलपाटे. गावात हे काम ग्रामसेवकांकडे असतं. 2024 पासून त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात सगळे ग्रामसेवकच म्हणतात. त्यांच्याकडे बहुतेक वेळा दोन-तीन गावं असतात. ते कोणत्या वारी तुमच्या गावात बसतात ते विचारून त्याच वारी जा.

अर्ज नमुना ‘ड’ मध्ये. सोबत दोघांच्या वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, पत्रिका आणि तीन साक्षीदार. साक्षीदार गावात राहणारेच निवडा. पुतणीच्या वेळी आम्ही मानाने मोठ्या पाहुण्यांची नावं दिली. एक मुंबईला, एक हैदराबादला. तिघांना एका दिवशी एकत्र आणायला दोन महिने गेले. लेकीच्या वेळी शेजारचे तात्या, चुलतदीर आणि किराणा दुकानवाले भाऊ साक्षीदार होते. तिघं चालत आले, अर्ध्या तासात काम झालं.

अर्ज दिला की पोच घ्या. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली विवाह नोंदणीच्या दाखल्याला मुदत ठरवून दिलेली आहे. ती कार्यालयाच्या फलकावर लिहिलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा. मुदत उलटली तर त्याच कायद्याखाली वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. मला तिन्ही वेळा अपील करावं लागलं नाही. पोच दाखवून, ‘भाऊसाहेब, तारीख उलटून गेली,’ एवढं शांतपणे म्हटलं की काम पुढे सरकलं.

दाखल्यावर सही होण्याआधी कच्ची प्रत मागून वाचा. नवरीचं माहेरचं नाव, वडलांचं नाव, लग्नाची तारीख, गावाचं नाव, प्रत्येक वेलांटी. एकदा सही-शिक्का झाला की दुरुस्तीला पुन्हा तोच सगळा प्रवास. मूळ दाखला नवरीच्या हातात द्या, कारण रेशनकार्डात नाव घालायला, बँकेला, पासपोर्टला तिलाच तो लागणार आहे. एक साक्षांकित प्रत माहेरच्या पेटीत ठेवा, शाळेच्या त्या उताऱ्याशेजारी.